रोझेनाऊसाहेबांचा संशय

दुपारचं जेवण झाल्यावर मी आरामखुर्चीत पडते. शेजारच्या घरातल्या शिवणयंत्राचा आवाज दूर दूर जात थांबतो, आणि दारात रोझेनाऊसाहेब उभे असतात. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

साहेब बर्लिनचे चित्रकार, ज्यू. हिटलरच्या लोकांनी त्यांची चित्रं संग्रहालयातून उतरवली, थट्टेसाठी एका प्रदर्शनात टांगली आणि त्यांना रंगवायला बंदी केली. तेव्हा ते मुंबईला पळून आले. ठाकूरद्वारच्या एका खोलीत त्यांनी मला रंग शिकवले.

आता ते माझ्याशी मराठीत बोलताहेत. हयातीत त्यांना 'पाणी' आणि 'उद्या' एवढेच शब्द येत. म्हणून हे तेच का, असा मला संशय येतो. त्यांनाही माझा येत असावा. आत आल्या आल्या ते माझा ब्रश उचलतात, त्याचे केस बोटांत दाबून बघतात.

"आज रंगवलंस?"

"नाही, सर."

खरं सांगतेय, तरी मी बोटं पदराला पुसते. बर्लिनमध्ये पोलीस त्यांच्या घरी असेच यायचे, ओला ब्रश शोधत.

माझी खोली लांबत जाते. भिंतींवर चित्रं वाकडी टांगलेली, खाली टिंगलीच्या ओळी. माणसं हसत हसत पुढे सरकतात. साहेब चित्रांकडे बघतच नाहीत. हसणाऱ्यांचा एकेक चेहरा न्याहाळतात, ओळखीचं कुणी आहे का म्हणून. मी मान खाली घालते.

पुढचं दार उघडतं ते नगरच्या छावणीत. युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रज सरकारनं त्यांना शत्रूच्या देशाचे, हेर असतील या संशयानं धरून इथे आणलं. इथेच ते विषमज्वरानं गेले. तापलेल्या पत्र्याखाली खाटेच्या कडेवर बसून ते विचारतात, "मी बंदरावर बसून जहाजं काढतो, हे पोलिसांना कुणी सांगितलं?"

तुम्हाला कुणाचा संशय आहे, असं मी विचारते. ते झेलिगचं नाव घेतात. झेलिग व्हायोलिन वाजवायचे. साहेबांसारखेच परागंदा, ठाकूरद्वारला त्यांच्याच खोलीत राहायचे. त्यांनाही धरलं होतं; छावणीत त्यांची खाट शेजारीच होती. साहेब शेवटपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तापात त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"झेलिग नाही," मी म्हणते. "मी."

मग सगळं सांगते. मी एकोणीस वर्षांची होते. मामा पोलीस खात्यात कारकून. आमचे सर जहाजं किती हुबेहूब काढतात, हे मी पानावर बसल्या बसल्या त्यांना फुशारकीनं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी साहेबांना नेलं.

मला वाटतं, ते आता रागावतील. ते शेजारच्या रिकाम्या खाटेकडे बघत राहतात.

"पाच महिने," ते म्हणतात. "पाच महिने तो इथे, हाताच्या अंतरावर होता."

थोड्या वेळानं म्हणतात, "त्याला कळव."

मी डोळे उघडते तेव्हा चार वाजलेत. उजव्या हाताच्या बोटांना शाई लागलीय. मांडीवर एक कागद आहे, अक्षर माझंच. वर झेलिग यांचं नाव. ते अजून भायखळ्याला शिकवण्या करतात. लांबून दिसले की मी रस्ता ओलांडते. खाली एकच ओळ आहे: 'ते तुमच्याशी बोलले नाहीत, त्याचं कारण मी आहे.'