पारीवर बसणारे काकाजी

आमच्या गावच्या मुलींच्या कबड्डी संघाचे मॅनेजर स्वतः कधी कबड्डी खेळलेच नव्हते. हायवेवर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं.

रोवण्याच्या दिवसांत ते दुकान बंद करून बोडीच्या पारीवर, म्हणजे शेततळ्याच्या बांधावर, येऊन बसायचे आणि खाली बांधीतल्या चिखलात धान रोवणाऱ्या बायांचे पाय बघायचे. माझ्या आईने एकदा त्यांना चांगलं खडसावलं. त्यावर ते म्हणाले, तुझी पोरगी मला संघात पाहिजे. मी! ओळीत सगळ्यात हळू रोवणारी मी! मला रागही आला आणि नवलही वाटलं. मीच कशी, असं विचारलं तर म्हणाले, "खेळून पाय, मंग सांगतो."

तीन वर्षं खेळले. कारध्यात जिंकलो, गोसीखुर्दकडच्या गावांत जिंकलो. दर वेळी विचारायची आणि दर वेळी तेच उत्तर मिळायचं.

मला आधीच नाक खुपसायची खोड. लाखनीतल्या फायनलच्या सकाळी मंडपामागे आमच्या संघाच्या समितीची माणसं काकाजींशी बोलत होती, तर मी कान लावून उभी राहिले. आज हरलात तर पुढच्या वर्षी भंडाऱ्याहून सर्टिफिकेटवाला कोच आणू, असं ते म्हणत होते. काकाजी आमच्यात आले आणि पाणी पिऊन घ्या, एवढंच बोलले.

शेवटची चढाई माझी होती. आम्ही एका गुणाने मागे होतो. दोघींना शिवून परत आले की जिंकलो, आणि शिवलेही! पण आता काकाजी वाचले, या आनंदात मी पाठ फिरवून पळत सुटले. मध्यरेषा हातभर राहिली असताना कोणीतरी माझा घोटा धरला.

मी ढसाढसा रडले. मग चिडून म्हटलं, आता तरी सांगा, मला काय पाहून घेतलं होतं?

"रोवता रोवता मागं सरकत होती तू. सगळ्या वळून पायत, तू नाही. बांधीचा काठ, मागचा धुरा, न पायता तुह्या पायाले ठाऊक होता. हे सांगतलं असतं त पायाकडेच पायत बसली असती."

"मंग आज काहून वळली मी?"

काकाजींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला.

"आयकलं होतं ना तू सकाळी? आज तू माह्यासाठी खेळून रायली होती."

पुढच्या वर्षी कोच आला. दोन मोसम टिकला. आता मॅनेजर मी आहे. रोवणा सुरू झाला की मीही पारीवर जाऊन बसते. बाया विचारतात, काय पायते वो? मी हसते.

परवा फायनलच्या सकाळी मंडपात समितीने मलाही तसाच दम दिला. बोलणं सुरू व्हायच्या आधी मी उठून मंडपामागे कोणी उभं आहे का ते पाहून आले. मग पोरींना म्हटलं, पाणी पिऊन घ्या.