अबोल काढा

मथुराबाईच्या काढ्यानं झोप येते, असं बुऱ्हाणपुरातल्या लालबागेत जो तो सांगे. मी पडलो मराठी शाळेतला मास्तर. गिरणीवाल्यांच्या काढ्यावर विश्वास ठेवणं मला शोभणारं नव्हतं. पण अकरा रात्री आढ्याकडे बघत काढल्यावर काय शोभतं आणि काय नाही, याची चाड माणसाला उरत नाही. बाराव्या दिवशी सकाळी मी गिरणीच्या फाटकासमोर तिच्या चुलीपाशी जाऊन बसलो.

साल छप्पन. राज्यं नव्यानं जुळवली जात होती. राजधानी नागपूरहून भोपाळला जाणार, अमरावती-अकोला मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही बुऱ्हाणपूरवाले होतो तिथंच राहणार, हे ठरून गेलं होतं. मुहूर्त एक नोव्हेंबरचा. मराठी शाळांचं काय होणार, हे मात्र कुणी धड सांगत नव्हतं. बाजारात लोक मला विचारत, "गुरुजी, अब हिंदी में पढ़ाओगे क्या?" आणि हसत. त्यांना हसू येई, माझी झोप जाई.

मथुराबाई तेव्हा चाळिशीच्या पुढची असेल. माहेर बहादरपूरचं, केळीच्या मळ्यातलं. लालबागेत एका गिरणी कामगाराला दिली आणि चुलीशी बसली ती बसलीच. तिचा काढा म्हणजे गवती चहा, तुळस, भरडलेले धने, बडीशेप, नखभर जायफळ आणि औषधी विकणाऱ्या पंसाऱ्याकडून आणलेली जटामांसी. चवीला गुळाचा खडा. चहापत्तीचं नाव नसे, तरी गिरणीवाले त्याला चायच म्हणत. ती पहाटे तीनला उठे. सहाला चूल पेटे, सातला रातपाळी सुटे आणि नऊपर्यंत तिच्या पुढ्यात गर्दी असे. नऊनंतर चूल विझवून ती जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाई, ती दिवेलागणीला परते. मग उद्याची कुटाकुट. बाई कधी पाठ टेकते की नाही, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. तिचे डोळे सतत धूर गेल्यासारखे लाल असत, आणि सगळाच काही धुराचा दोष नव्हता.

तिचा एक नेम होता. काढा तिथंच बसून प्यायचा, आणि पहिला घोट घेतला की घरी जाऊन अंथरुणावर पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. नेम तिच्या सासूनं घातलेला. मागाच्या खडखडाटात रात्रभर ओरडून ओरडून ही माणसं बाहेर आली तरी ओरडतच राहत. रस्त्यात हुज्जत घालत, हॉटेलात बसत, आणि घरी पोचेपर्यंत झोप कुठल्या कुठे पळालेली असे. सासू शहाणी होती. तिनं काढ्यानं त्यांची तोंडं बांधली.

मला हे ठाऊक नव्हतं. पहिला घोट घेऊन मी म्हणालो, "छान आहे हो."

तिनं माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि उरलेला काढा राखेत ओतला. "गेला. आता उद्या या."

मास्तर माणसाला भर रस्त्यात असं कुणी गप्प केलं नव्हतं. राग आला. पण दुसऱ्या दिवशी गेलो, तोंड मिटून प्यालो, तोंड मिटून घरी आलो. शाळा दुपारची होती, त्यामुळे सकाळी दोन तास मेल्यासारखा झोपलो. काढ्याचा गुण की गप्प बसण्याचा, देव जाणे. मी रोज जाऊ लागलो.

रोज एक पेला ठरलेला, कौतिकचा, म्हणजे मथुराबाईच्या नवऱ्याचा. पंधरा वर्षं तो रातपाळीला होता. फाटकातून बाहेर आला की बायकोसमोर उकिडवा बसे, हात पुढे करी, काढा पिई आणि मान खाली घालून घराकडे चालू लागे. दुपारी चारला उठे. तेव्हा ती जिनिंगमध्ये. ती परते तोवर तो भजनाला गेलेला, तिथूनच पाळीवर. नवराबायकोची भेट काय ती चुलीपाशी, आणि तिथं बोलायची बंदी! मी एकदा गमतीनं म्हटलं, "मथुराबाई, तुमच्या संसारात भांडण कसं ते नसेल." ती म्हणाली, "भांडाले बी टाइम लागते, गुरुजी."

त्यांची मुलगी कोकिळा माझ्या हाताखालून सातवी फायनल झालेली, वर्गात पहिली. आता आईच्या हाताखाली होती. त्या ऑक्टोबरात मी तिच्यासाठी एक कागद आणला. अमरावतीच्या अध्यापिका विद्यालयात दिवाळीनंतर भरती होती, राहायची सोय आणि वर विद्यावेतन. दोन वर्षांत पोरगी मास्तरीण झाली असती. अट एकच, अर्ज महिन्याअखेर पोचला पाहिजे. एक तारखेपासून अमरावती आम्हांला परराज्य, आणि परराज्यातल्या मुलीला विद्यावेतन नाही. अर्जाखाली बापाची संमती हवी होती, सही किंवा अंगठा. ही संधी गेली की कोकिळाच्या नशिबी चूल आणि कापूस, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"मी इचारते त्यांले," मथुराबाई म्हणाली.

एक आठवडा गेला, दहा दिवस गेले. मी रोज भुवया उंचावून विचारी, ती रोज नाही म्हणून मान हलवी. शेवटी मी काढा पिण्याआधीच तिला गाठलं.

"त्यांले समजलं हाये," ती म्हणाली. "कागदाचा क काढला की हात पुढं येते. पेला देला की तोंड बंद. मी काय करू?"

"मग देऊ नका पेला."

"रातभर मागावर उभा राह्यलेला मानूस हाये, गुरुजी. त्याची झोप हिसकू का मी?"

"अन् भजनात जाऊन विचारलं तर?"

"गेलती. मले पाह्यलं अन् टाळ हाती घेतले."

मला कौतिकचा असा संताप आला म्हणता! आपल्या पोरीच्या पायात खोडा घालणारा हा मुखदुर्बळ बाप, आणि आपल्या आईनं घातलेला नेमच ढाल म्हणून वापरतो. मी मनातल्या मनात त्याला शाळेतल्या सगळ्या शिव्या घातल्या. मोठ्यानं घालायची सोय नव्हती.

सव्वीस तारखेला कागद टपालात पडणं भाग होतं. त्या सकाळी मी अर्ज घेऊन गेलो, शाळेतला शाईचा पॅडही खिशात घातला. माझ्या आधी आलेले चारपाच जण पेले तोंडाला लावून बसले होते. तिनं माझा पेला भरून हातात दिला, तेवढ्यात कौतिक आला. उकिडवा बसला. हात पुढे केला.

"आज पह्यले बोला," मथुराबाई म्हणाली. "मंग पेला."

कौतिकनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि काही कळायच्या आत माझ्या हातातला पेला ओढून घेऊन एका दमात पिऊन टाकला.

बसलेल्यांची फार पंचाईत झाली. काढा प्यालेला, हसता येईना. लीलाधर नावाचा एक मागवाला तोंडावर पंचा दाबून गदगदत राहिला. मला मात्र हसू आलं नाही. वाटलं, झालं, संपलं.

मथुराबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून उठली. "बरं," ती म्हणाली. "नका बोलू. अंगठ्याले काही तोंड लागत नही. गुरुजी, शाई काढा."

तिनं त्याचं मनगट धरलं. पंधरा वर्षांत तिनं लोकांसमोर त्याला हात लावला नसेल. "नको असंन त तसं म्हना. सगळ्यांसमोर म्हना, कोकीले नही पाठवत. मी कागद चुलीत टाकते."

कौतिकनं मनगट सोडवून घेतलं नाही. मग तोंड उघडलं, आणि मागावरच्या माणसाचा तो आवाज, त्याला हळू बोलणं माहीतच नाही. फाटकापर्यंत ऐकू गेलं.

"पोरगी गेली त तू मरशीन!"

मोकळ्या हातानं त्यानं घराकडे बोट केलं.

"पानी ती भरते. कुटते ती. म्हून तू उभी हाये. मी काय आंधळा हाये? तिले पाठवतो अन् तुले जाळतो का मी? माझ्या पगारात तुले बसवून खाऊ घालता आलं नही. काय बोलू? कोन्या तोंडानं बोलू?"

"हळू," ती म्हणाली. "तुमची झोप जाईन."

"झोप कोनाले येते? पंधरा वर्सं झाली, तुझा काढा मले एक दिवस लागू पडला नही. तू करते म्हून पेतो. घरी जातो अन् आढं पाह्यतो."

आता मात्र लीलाधरनं पंचा खाली घेतला. ज्या काढ्यावर बाईचं पोट, तो घरधन्यालाच लागू पडत नाही, हे भर रस्त्यात ओरडून सांगितलं गेलं होतं. मी मथुराबाईकडे बघायचं टाळत होतो. मला त्या दोघांची इतकी कीव आली, आणि सगळ्या रागाची लाज वाटली. हा माणूस पोरीला अडवत नव्हता, बायकोला वाचवत होता. आणि त्याला दोन्ही एकदम करता येत नव्हतं.

मथुराबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती बोलली ते अगदी कोरडं बोलली. "झोप येतच नही त पडून काहून राह्यता? उठा अन् पानी भरा."

कौतिकनं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग आपणच पॅडवर अंगठा दाबला आणि मी दाखवलेल्या रेघेवर उमटवला. घाईत जरा तिरका उमटला.

कागद वेळेत पोचला. काढ्याचं गिऱ्हाईक काही तुटलं नाही. ज्यांना लागू पडत होता त्यांना पडतच राहिला. मला मात्र त्या दिवसानंतर तो तितकासा लागू पडेना, पण मी जात राहिलो.

कोकिळा दिवाळीनंतर गेली. सकाळच्या गाडीनं. स्टेशनवर मायलेकी फार रडल्या नाहीत. दोघींनाही रडण्याची सवय नव्हती, आणि गाडी दोनच मिनिटं थांबे. गाडी सुटल्यावर मथुराबाई जिनिंगकडे न वळता घराकडे चालू लागली, तेव्हा मला जरा काळजी वाटली. म्हणून शाळा सुटल्यावर परस्पर तिच्या घरी गेलो.

कौतिक उंबऱ्यावर बसला होता. अंगणात दोन घागरी भरून ठेवलेल्या, त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. मला बघून त्यानं बोट ओठांवर ठेवलं आणि जवळ बोलावलं.

"आली अन् भिताडाले टेकली," तो म्हणाला. हळू बोलायची त्याची खटपट चालली होती. आवाज एकदा चढे, एकदा पार विरून जाई. "म्हटलं, आज पाळी बुडवू, आज बोलू. पंधरा वर्सांचं हाये. मी सुरू केलं त बसल्या जागी कलंडली. काढा नही, काही नही."

"मग उठवायचं."

"नही, नही. बोलनं काय, उद्या बी व्हते."

मी परत जायला वळलो तर त्यानं माझा सदरा धरला. मागाच्या आवाजानं त्याचे कान कधीच अधू झाले होते, जवळचं बोलणं तेवढं कळे. घराच्या आतल्या काळोखाकडे मान करून त्यानं विचारलं, "गुरुजी, मले आतलं आयकू येत नही. जरा आयका ना. पक्की निजली हाये ना ती?"

मी उंबऱ्याशी वाकून कान दिला. दमलेल्या बाईचं घोरणं होतं, जड आणि एकसारखं.

"निजली आहे," मी म्हणालो.