ताईच्या अंगणातली विहीर

घरी त्याला सगळे रडूबाई म्हणत. स्वतःला ठेच लागली की तो रडे, आणि ताईला लागली तरी हाच रडे. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं, टायपिंगच्या क्लासला घातलं. पुढे तो मोठ्या कोर्टात लघुलेखक झाला आणि पोटातलं ओठावर येऊ द्यायचं नाही, हे शिकला. कचेरीत त्याचं नाव पडलं ‘मुका’. बायको म्हणायची, “घरी आलात, आता तरी तोंड उघडा.”

दोन राज्यांचा सीमेचा खटला वर्षानुवर्षं रखडला होता. अखेर न्यायमूर्तींनी त्याला निकालाचा मजकूर सांगितला, त्याने तो उतरवून घेतला. बोटं चालायची तेव्हा त्याचं डोकं चालत नसे, कामाची सवयच तशी. अर्थ कळला तो मजकूर तपासताना. सीमा ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीवरून जाणार होती, आणि दोन्हीकडची घरं पाडून पट्टा मोकळा ठेवायचा होता. विहीर ताईच्या अंगणातली. नवरा गेल्यापासून ताई त्या घरात एकटी राहत होती.

निकाल अजून जाहीर व्हायचा होता, तेवढ्यात ताईचा फोन आला.

“अरे, छप्पर फार गळतंय. होतं नव्हतं ते घालून नवं करावं म्हणते. पण त्या सीमेच्या खटल्याची धास्ती वाटते. करू ना?”

“ताई, कोर्टाचं मला बोलता येत नाही गं.”

“कोर्टाचं नकोच बोलूस. करू की नको, एवढंच सांग.”

तो गप्प राहिला. नोकरीची भीती होतीच, पण गुप्तता पाळण्याचा दिलेला शब्द मोडणं त्याच्या रक्तातच नव्हतं. घशाशी आलेला हुंदका त्याने कसाबसा गिळला.

पलीकडे ताई हसली. “कळलं मला. वाईट असतं तर एव्हाना तू भोकाड पसरलं असतंस.”

तिने फोन ठेवला. पुन्हा लावावा म्हणून त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

निकाल लागला. वाद मिटला म्हणून दोन्ही राज्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. तो गावी पोचला तेव्हा माणसं ताईच्या छपराचे कोरे पत्रे उतरवत होती. ताई पायरीवर बसली होती. तिच्याशेजारी बसून तो लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडू लागला.

जुन्या सवयीने ताईने त्याचे डोळे पुसले.

“आता रडतोस होय रे?” ती म्हणाली. “वरातीमागून घोडं. त्या दिवशी रडायचं होतंस.”