टेकूला हळदकुंकू

टेकू हा शब्द मला कधीच आवडला नाही. टीव्हीवर एखादं सरकार डगमगलं की कोणीतरी त्याला टेकू देतं, आणि बघणारे फिदीफिदी हसतात. आमच्या बाबांचंही तसंच. लकव्यानं एक पाय लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, आधार घेऊन चाला, नाही तर कायमचे खाटेवर. बाबांनी काठी अंगणात भिरकावली. "मी का पडकं घर आहो, मले टेकू लावाले?" मी धरायला गेलो की डाफरायचे. मीही चिडायचो. पाय मात्र वाळत चालला होता.

त्याच उन्हाळ्यात कामठ्याच्या आमच्या घराचा मधला खांब उधईनं खाल्ला. पाऊस तोंडावर आलेला, छपरावरची कवेलू उतरवायला वेळ कुठला? मिस्त्री म्हणाला, छप्पर तसंच ठेवून खांब बदलू. म्हटलं, डोकं फिरलं का याचं! बाबांची खाट उचलून समोरच्या आंब्याखाली ठेवली. तिथून दारातून आतलं सगळं दिसायचं.

शेजाऱ्यांकडून मागून आणलेली वाकडीतिकडी लाकडं छपराखाली टेकू म्हणून उभी केली. बुडाशी पाचरी. मिस्त्रीनं "हं!" म्हटलं की सगळ्यांनी एकदम ठोकायचं. आणि बाप रे, छप्पर उचललं! बोटभरच, पण अख्खं घर! जुना खांब काढला तर आत नुसता भुसा. वर एवढं ओझं, खाली ही सरपणाची लाकडं, आणि एक कवेलू सरकलं नाही. 

नवा खांब बसला. त्याची पूजा करायला माय हळदकुंकू घेऊन आली, पण आधी वळली ती टेकूंकडे. एकेकाला बोटं लावत सुटली.

"अवो, त्याईले कायले?" बाबा बाहेरून ओरडले. "उद्या चुलीत जातीन ते!"

"जाऊ द्या ना. सकाळपासून घर कोणं धरलं? तुमच्या खांबानं?"

 

टेकू निघाले, माणसं चहाला बसली. बाबांनी मला खुणेनं बोलावलं. जवळ गेलो तर खांदा घट्ट धरला आणि उठू लागले.

"हालू नोको," एवढंच म्हणाले.

केवढं वजन त्यांचं! मी श्वास रोखून उभा राहिलो. तेवढ्यात माय आली आणि उरलेलं कुंकू माझ्या कपाळाला लावून गेली.