पुंगळी अडकते ती कुणामुळे?

मंडळी, उद्या माझी पहिली पॉइंट टू टू पिस्तूल स्पर्धा आहे आणि आज सरावात गोळी सुटल्यावर काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेरच पडेना. अर्धवट अडकायची.

शहाद्याच्या आमच्या क्लबात पिस्तूल साफ केलं, काडतुसं बदलली. तरी तेच. "पिस्तूलच बिघडलंय. मी नाव काढून घेते," मी म्हणाले.

मैत्रीण कल्पनाने तेच पिस्तूल चालवलं. सगळ्या पुंगळ्या टणाटण बाहेर!

"माय व, मनगट ढिलं शे तुन्हं. पिस्तूल शे ते, भाकर नई!"

खरंच, आजवर मी चालवलेल्या एअर पिस्तुलाला झटका नसतो, त्यामुळे सैल मनगट चालून जायचं. इथे मात्र झटक्याच्या जोरावरच पुंगळी बाहेर पडते आणि सैल मनगट तो जोर खाऊन टाकतं. घट्ट धरलं आणि पुंगळ्या उडू लागल्या.

पण उद्या दडपणात मनगट पुन्हा सैल पडलं, तर पुंगळी अडकण्याआधी मला ते कळेल? नेमबाजांनो, तुम्हाला कसं कळतं?