वाणात मिळालेला सरकारी अहवाल

देवयानी सबनीस सुतक पाळते ते वेबसाइटींचं. एखाद्या सरकारी खात्याने आपली वेबसाइट नवी केली की जुने सगळे दुवे मरतात आणि त्या दिवशी देवयानीच्या आमटीत मीठ नसतं. तिचा नवरा जयप्रकाश सवयीने विचारतो, "आज कोण गेलं?" ती उसासा टाकून म्हणते, "मासेमारीचे सगळे अहवाल."

मी तिची शेजारीण मुग्धा. सॉल्ट लेकला आमची दारं समोरासमोर. दोघींचेही नवरे बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले आणि इथेच रुतले. मी घरी बसून जगावर चिडते आणि ती एस्प्लनेडजवळच्या एका मोठ्या वाचनालयात सरकारी कागदपत्रांचा विभाग सांभाळते. कागदपत्रं आपली म्हणायची, कागद औषधालाही नाही. पूर्वी राजपत्रं, अहवाल, परिपत्रकं पोत्यांनी यायची. आता खाती ती नुसती वेबसाइटवर टाकतात आणि लहर फिरली की काढतात. त्यांनी काढायच्या आत देवयानी उतरवून घेते. कोणी प्रसिद्ध केलं, कधी केलं, कशाबद्दल आहे हे नोंदवून प्रत्येकाला क्रमांक देते. एक प्रत वाचनालयाच्या सर्व्हरवर, दुसरी दुसऱ्याच इमारतीत. अधूनमधून दोन्ही उघडून बघते, लोणच्याला बुरशी तर नाही ना आली, तशी. मग मालद्याहून कोणी विचारो की मेदिनीपूरहून, मागेल त्याला घरबसल्या पाठवते.

हे 'घरबसल्या'च तिच्या मुळावर आलं. जानेवारीत तिचे साहेब घोषालदा म्हणाले की दिल्लीहून तपासणीची समिती येते आहे आणि समितीला खोलीत बसलेले वाचक लागतात. हिच्या खोलीत दोन संगणक, आठ खुर्च्या आणि कुंडीतलं एक झाड. वाचक सगळे आपापल्या घरी. "देवयानी, मानुष दिखाओ, मानुष! नहीं तो ये कमरा गया." खोली गेली की विभाग बंद, उतरवणं बंद आणि देवयानीची रवानगी वर्तमानपत्रांच्या टेबलावर.

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन चक्क रडली. "मी कुठेही बसेन गं, पण उतरवणार कोण? रोज काहीतरी मरतंय."

मला हसू आवरेना आणि घोषालदांचा रागही आवरेना. म्हटलं, "माणसंच हवीत ना? मग आपण बायका कोण आहोत? संक्रांतीचं हळदीकुंकू कर. फक्त वाण घरी देऊ नकोस, वाचनालयात दे."

तिचे डोळे असे चमकले की मी घाबरलेच.

हळदीकुंकवाला पार डमडमहून बायका आल्या. अत्तर, गुलाबपाणी, मटारच्या करंज्या, सगळं झालं आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात तिळगुळाची पुडी पडली. पुडीत चिठ्ठी, चिठ्ठीवर नुसता क्रमांक. देवयानीने गोड आवाजात जाहीर केलं, "वाण वाचनालयात ठेवलंय. मंगळवारी या घ्यायला." समिती यायची होती तीही मंगळवारीच.

शोभाताई कर्णिक आमच्यात सगळ्यात मोठ्या आणि वाणाच्या बाबतीत सगळ्यात कडक. चिठ्ठी उलटसुलट करून त्या म्हणाल्या, "मागल्या वर्षी मी स्टीलचे डबे दिले होते. झाकणांसकट." पण हळदीकुंकवाला जाऊन वाण न नेणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान, आणि तो करायची आमच्यात कोणाची छाती नाही. मंगळवारी अख्खं हळदीकुंकू काठापदराच्या साड्या नेसून मेट्रोत चढलं.

वाण होतं तरी काय? प्रत्येकीला एकेक सरकारी कागद, खास तिच्यासाठी निवडलेला. भिशीत, लिफ्टमध्ये, भाजी घेताना आम्ही जे कुरकुरतो ते या बाईने सगळं लक्षात ठेवलं होतं. निवड चोख होती, घोळ झाला तो वाटपात. बायका ज्या क्रमाने बसणार त्याच क्रमाने तिने पुड्या तबकात लावल्या होत्या. अख्ख्या सरकारला क्रमांक देणाऱ्या बाईने पुड्यांवर नावं मात्र घातली नव्हती! शेवटची पुडी शोभाताईंची, कारण त्या नेहमी उशिरा येतात. त्या उशिराच आल्या, पण कुंकू आधी मोठ्यांना लावायचं, म्हणून पहिली पुडी त्यांना गेली आणि तिथून सगळी रांग एकेक घर सरकली.

वाचनालयात क्रमांक टाकल्याबरोबर शोभाताईंच्या पडद्यावर बाळंतपणाच्या रजेचा कायदा उघडला, सगळ्या दुरुस्त्यांसह.

"देवयानी," त्या म्हणाल्या, "मी बहात्तर वर्षांची आहे."

मग जो गोंधळ उसळला! सातव्या महिन्यातली तेजस्विनी हसता हसता खुर्चीला धरून बसली. मला मिळाले भटक्या कुत्र्यांचे नियम. शोभाताईंच्या गुडघ्यांसाठी काढलेली कृत्रिम सांध्यांच्या किमतींची अधिसूचना भलत्याच बाईकडे. "माझी लिफ्ट कोणाकडे आहे?" "कुत्रे घे आणि गॅस दे!" असा बाजार भरला. शेजारच्या दालनातले बंगाली वाचक माना लांब करून बघायला लागले.

तेवढ्यात तेजस्विनीने दुसऱ्या संगणकावर मोठ्याने वाचलं, "विदर्भातल्या विहिरींची पाहणी. अगंबाई, हे कोणाचं? आभार... नकाशे काढणारे, श्री. विनायक नगरकर."

मी किंचाळले. विनायक नगरकर म्हणजे माझे बाबा. उन्हातान्हात गावोगाव फिरून त्यांनी त्या विहिरी मोजल्या होत्या. ते गेल्यावर मला एकदा हा अहवाल वेबसाइटवर दिसला, पुन्हा उघडायला गेले तर 'पान सापडले नाही'. मी देवयानीपाशी एकदाच कधीतरी कुरकुरले होते, जिन्यात.

मी पडद्याला नाक लावून हुंदके देत होते आणि नेमक्या त्या क्षणी घोषालदा समितीला घेऊन दारात उभे राहिले. समितीच्या अध्यक्ष बारीक चष्म्याच्या, करारी बाई होत्या. त्यांनी काठापदराचा तो जथा पाहिला आणि हिंदीत विचारलं, "हे रोजचे वाचक?"

"नाही," देवयानी म्हणाली. "या माझ्या मैत्रिणी. वाण घ्यायला आल्यात."

घोषालदांनी डोळे मिटून घेतले. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं, इतकं खरं बोलायची काही गरज होती का?

"मग यांना वाचक कसं म्हणायचं?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. पदराने नाक पुसत मी म्हटलं, "मॅडम, मी आले फुकटच्या वाणासाठी, आणि सापडले माझे बाबा. सरकारने त्यांना पुसून टाकलं होतं. हिने त्याआधी उतरवून ठेवलं. आता मला वाचक म्हणा नाहीतर काहीही म्हणा, मी इथून उठणार नाही."

पुढे सरसावल्या त्या शोभाताई. दारात आलेल्या बाईला तसंच उभं ठेवणं त्यांच्या पचनी पडत नव्हतं. त्यांनी पर्समधून कुंकवाची डबी काढली, अध्यक्षीणबाईंना कुंकू लावलं आणि देवयानीला डोळ्यांनी दटावलं. अवचित येणारीसाठी एक वाण जास्तीचं ठेवतातच, तसं देवयानीनेही ठेवलं होतं. कोणालाही चालेल असं: सरकारी सुट्ट्यांचं चालू वर्षाचं परिपत्रक. बाईंनी ते उघडलं आणि चष्मा काढून खो खो हसल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि ही सगळी उठाठेव चालते कशी, ते देवयानीकडून नीट समजून घेतलं.

महिन्याभराने आदेश वेबसाइटवर आला. विभाग चालू राहील, खोलीही त्याच्याकडेच राहील. मी पेढे घेऊन धावले, तर देवयानी म्हणाली, "थांब गं," आणि आधी आदेश उतरवून त्याला क्रमांक दिला.

होळीनंतर हिशेब विभागाची माणसं, ही खोली आता आपल्यालाच मिळणार म्हणून, टेप घेऊन ती मोजायला आली. घोषालदा ऐटीत त्यांना आदेश दाखवायला गेले, तर ती वेबसाइट नुकतीच नवी झालेली. पान सापडले नाही. ते धापा टाकत देवयानीकडे आले, "ऑर्डर! देवयानी, वो ऑर्डर किधर है?"

देवयानीने शांतपणे वाचकांची वही त्यांच्यापुढे सरकवली. "पहले साइन कीजिए, दादा."

त्यांनी सही केली. वरची सही शोभाताईंची होती, गुडघ्यांच्या किमती बदलल्या का ते बघायला त्या दर आठवड्याला येतात. आजही त्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी जरा सरकून साहेबांना जागा करून दिली.