ज्या घरात खोडरबर चालत नाही

आमच्या चित्रकलेच्या क्लासचे सर माणूस म्हणून वाईट नाहीत. पण एका रविवारी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले, मी दीड तास खपून काढलेल्या केळ्यांच्या फण्याकडे त्यांनी पाहिलं आणि उसासा टाकून म्हणाले, "मॅडम, काही गोष्टी उपजत असाव्या लागतात हो." आणि पुढच्या बाकाकडे गेले. बोलण्यासारखं उरलंच काय होतं?

मी पन्नाशीच्या दारात उभी आहे. बेळगावात बी-बियाण्यांच्या एका गोदामात हिशेब लिहिते आणि दोन वर्षांपूर्वी हौसेने हा क्लास लावला. माझं खोडरबर पेन्सिलीच्या आधी संपतं, यावरून काय ते समजा. त्या रविवारी घरी येईपर्यंत डोक्यात निश्चय झाला होता. गणपतीला नणंदेकडे, शैलाकडे, गोव्याला जायचंच होतं. रंगांचा डबा बरोबर न्यायचा. तिथे एक तरी चित्र मनासारखं झालं तर क्लास चालू ठेवायचा, नाही तर डबा तिकडेच ठेवून मोकळं व्हायचं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "डबा ठेवून ये, पण काजू आण." आमच्या घरचा गणपती गावी थोरल्या दिरांकडे बसतो, नवरा तिकडे गेला आणि मी बस पकडली.

बेळगावहून चोर्ला घाटातून जाणार असाल तर सकाळची बस घ्या आणि पोट हलकं ठेवा. घाटात धुकं इतकं, की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते आणि वळणं संपता संपत नव्हती. मी डब्याला मिठी मारून बसले होते. साखळी मागे पडल्यावर कारापूरला उतरले. शैलाचा नवरा उमेश तिथे एका मित्राच्या कुळागरातून, म्हणजे बागेतून, सुपारीचे घोस न्यायला आला होता, त्याच्याच गाडीतून पुढे जायचं होतं. आधी कोपऱ्यावरच्या हॉटेलात पाव आणि पातळ भाजी खाल्ली. दोघांचं मिळून शंभराच्या आत झालं. भाजी अशी, की मी लाज सोडून दुसरी वाटी मागितली.

पाव मोडता मोडता उमेशने बातमी सांगितली. "वैनी, भाई पडले. बांयच्या चिऱ्याच्या पायरेवयल्यान घसरले. उजव्या हाताक प्लास्टर असा."

विहिरीच्या पायरीवरून पडलेले भाई म्हणजे त्याचे वडील, शैलाचे सासरे. या बातमीचा अर्थ मला ठाऊक होता. शैलाच्या सासरी मातीची मूर्ती बसत नाही. त्यांचा गणपती कागदावर काढलेला असतो. गोव्यात अजून काही घरांत ही रीत आहे. पोर्तुगिजांच्या काळात मूर्ती लपवणं अवघड, कागद मात्र गुंडाळून ठेवता यायचा, असं सांगतात. दर चवथीला नवं चित्र, तेही घरीच काढलेलं, आणि दीड दिवसांनी ते नदीत सोडायचं. गेली चाळीस वर्षं ते भाई काढत होते.

"मग यंदा?" मी विचारलं.

"यंदा छापील." उमेश म्हणाला आणि पावाच्या तुकड्याकडे बघत बसला.

डिचोलीचा बाजार माटोळीच्या सामानाने फुलला होता. माटोळी म्हणजे देवाच्या डोक्यावर फळं, घोस आणि रानातल्या वेली टांगायची लाकडी चौकट. आंबाडे, चिबूड, तोरिंजनं, नारळांच्या पेंडी, आणि मला नावं न सांगता येणारी कितीतरी रानफळं. चवथीच्या आधी दोन-तीन दिवस इथे नुसतं फिरायला आलात तरी गाडीभाडं वसूल. एका दुकानात उमेशने गणपतीचं चकचकीत छापील चित्र घेतलं, गुंडाळून मागच्या सीटवर टाकलं आणि गाडी सुरू करताना अगदी सहज म्हणाला, "वैनी, तुम्ही शिकतात मगे चित्रां?"

"मला केळी जमत नाहीत, उमेश."

त्याने गिअर टाकला. शिवोलीचा पूल ओलांडून चोपड्याला शैलाच्या घरी पोचेपर्यंत मीच मनात भांडत राहिले. आपलं चित्र चुकलं तर आपण पान फाडतो. या लोकांनी दीड दिवस त्याची पूजा करायची होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्याने जाग आली. त्याचे गरम उंडे आणि चहा पोटात गेल्यावर शैलाने तिची स्कूटर दिली आणि मी एकटीच हरमलला गेले, हाताची परीक्षा घ्यायला. पावसाळ्यातलं हरमल बघितलं नसेल तर बघाच. किनाऱ्यावरचे शॅक मोडून ठेवलेले, खोल्या रिकाम्या आणि भाव निम्म्यावर, पाण्यात मात्र उतरू नका. निळ्या ताडपत्रीखाली ओढून ठेवलेली एक होडी निवडली आणि बसले. काढ, पूस. काढ, पूस. कागद इतका घासला की मधे भोक पडलं. शेजारी जाळं विणत बसलेले एक काका बराच वेळ बघत होते.

"बाय, एक विचारू? तू काडतंस कमी आणि पुसतंस जास्ती. होडी खंय गेली गो?"

मला इतका राग आला की काय सांगू. पण खरंच, कागदावर होडी नव्हती. रबराचा भुगा होता.

संध्याकाळी सोप्यावर भाई गळ्यात हात अडकवून बसले होते. ऐंशीच्या घरातले, बोलायची दांडगी हौस. माझा डबा पाहून त्यांनी सरांची चौकशी केली आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. उपजत असावं लागतं म्हणाले, हेही.

"खरां असा तां," भाई म्हणाले. मला वाटलं होतं धीर देतील. "उपजत माझ्या थोरल्या भावाक होता. तेणी काडल्लो मोर बघून पोरां पाखां ओडूक जायत. पण तो बोटीर नोकरेक गेलो. बोट काय चवथीक थांबना. घरात रवलंय मी."

"मग तुम्हाला कसं जमलं?"

"खंय जमला? पयल्या वर्सा सोंड खंय, कान खंय. आवयन बघल्यान आणि म्हणाली, आरतीचा ताट हाड. देव वायट दिसलो म्हणान आरती कोण चुकयता काय? आरती झाली, म्हणान दुसऱ्या वर्साक परत काडचो पडलो."

उमेश आतून ओरडला, "वैनी, चाळीस वर्सां झाली, सोंड आता बघीत रवण्यासारखी काडतत. पण उंदीर अजून माजरासारखो!"

"माजर न्हय तां!" भाई उखडलेच.

मग कोण हसलं म्हणून सांगू! शैला, उमेश आणि शेजारच्या आनंदीकाकी आठवणी काढू लागले. चित्र एकही शिल्लक नाही, सगळी नदीत गेलेली. पण प्रत्येक वर्ष कुठल्या चुकीने गाजलं ते या लोकांना तोंडपाठ. एका कानाचं वर्ष. रंगाचा थेंब पडला म्हणून पाच लाडू झाले ते वर्ष. उंदराने मिश्या फेंदारल्या ते वर्ष. मी ऐकत होते आणि मला कुणाचा तरी हेवा वाटत होता, त्या चुकांचाच बहुतेक.

हसणं ओसरल्यावर भाई सरळ माझ्याकडे वळले. "बाय, छापील चित्राक मी हात जोडतलंय. पण माझ्या घरातलो देव घरात काडल्लो असतो. तू काडशीत?"

त्यांनी आज्ञा केली असती तर मी नाही म्हटलं असतं. त्यांनी विचारलं. उमेशने भटजींना फोन केला, त्यांनी घरचं माणूसच आहे, काढू दे म्हणून सांगितलं. मला रात्री धड झोप लागली नाही.

तय म्हणजे हरताळकेचा दिवस. उपास होता, पोटात फक्त शहाळ्याचं पाणी. आंघोळ करून जनेलासमोर, म्हणजे खिडकीपाशी, पाट मांडून बसले. कागद पसरला, पेन्सिल आणि रबर ठेवलं. भाईंनी डावा हात पुढे केला.

"तां रबर दी हय."

"भाई, माझं रबराशिवाय..."

"ह्या घरात देवाचा तोंड पुसणत नाय."

रबर त्यांनी जनेलाच्या फळीवर ठेवून दिलं. माझा जणू काठीचा आधार गेला. पहिली रेघ मारायला किती वेळ लावला ते विचारू नका. मुकुट झाला, कपाळ झालं, कान बरे आले. सोंड काढायला घेतली आणि हात घसरला. वळायच्या जागी ती वळलीच नाही, मोदकाची वाटी ओलांडून खाली पोटावर गेली. सवयीने हात फळीकडे गेला. तिकडे भाईंचा हात होता.

"गेलं सगळं," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू? मागच्या खोलीत ते गुंडाळलेलं छापील चित्र मला बोलावत होतं.

"खंय गेला? खाली गेली ना सोंड? जावंदे. खंय पोचता बघ."

सोंड पोटावरून मांडीवर, मांडीवरून पाटापर्यंत पोचली. तिथे उंदीर यायचा होता. एकदम सुचलं. सोंडेच्या टोकात एक मोदक काढला आणि त्याखाली तोंड वर करून बसलेला उंदीर. देव उंदराला भरवतोय! उंदीर मात्र एका दमात आला. कान, मिशी, पोटाशी घेतलेले पुढचे पाय, सगळं जागच्या जागी.

भाई वाकून उंदराची मिशी न्याहाळू लागले. मग जरा रुसक्या आवाजात म्हणाले, "उंदीर तुझ्या सरान शिकयलो?"

"नाही हो. गोदामात रोज बघते. पोत्यांमागे असेच बसतात."

"चाळीस वर्सां," भाई पुटपुटले. त्यांना खरंच हेवा वाटला होता आणि मला, देवाशपथ, इतका आनंद कुठल्या पगारवाढीनेही झाला नव्हता.

चवथीला पहाटे डोळे काढले. एक किंचित मोठा झाला. भाई म्हणाले, एक डोळा लोकांकडे आणि एक मोदकाकडे, बरं आहे. मग माटोळीखाली चित्र लागलं, समई लागली, आरती सुरू झाली. ज्या कागदाने मला रडवलं होतं, त्याच्यापुढे घरातले सगळे हात जोडून उभे होते आणि त्यांत भाईंचा एकच हात छातीशी होता. आनंदीकाकी नमस्काराला वाकल्या आणि तशाच थांबल्या. "गो शैला, ह्या वर्सा देवान आधी उंदराक जेवण दिलां!" वाड्यावरची माणसं दिवसभर येत होती, खतखतें आणि पातोळ्या खात होती, उंदीर बघून हसत होती आणि हात जोडत होती. कुणीही विचारलं नाही की सोंड लांब का.

फोटो काढायला मी फोन उचलला तर शैलाने हळूच खाली घेतला. फोटो राहिला तर पुढच्या वर्षी तोच बघून काढतील, म्हणून भाई काढू देत नाहीत. तेव्हा या लेखात ते चित्र शोधू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नदीवर गेलो. ओहोटी लागत होती. उमेश गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने कागद अलगद सोडला. आधी लाल रंग सुटला, मग पिवळा. उंदीर शेवटपर्यंत दिसत होता. आयुष्यातलं माझं एकुलतं एक बरं चित्र वाहून चाललं होतं, आणि मी रडत होते, पण काही गमावल्यासारखं वाटत नव्हतं. उपजत की सराव, हा प्रश्न मी दोन वर्षं स्वतःला विचारत होते. त्या घरात तो कुणाला पडलाच नव्हता. तिथे चित्र हवं होतं, ते ज्याला काढावं लागलं त्याने काढलं, आणि सगळ्यांनी त्याला नमस्कार केला. मला आजवर कुणी इतकं देऊ केलं नव्हतं.

डबा घेऊनच परत आले. काजूही आणले. रविवारी क्लासला गेले तेव्हा लक्षात आलं की रबर चोपड्यालाच राहिलं, जनेलाच्या फळीवर. सरांनी स्वतःचं पुढे केलं. "राहू दे सर," म्हटलं आणि केळी काढली. वाकडी आली, पण केळी आली.

परवा शैलाचा फोन आला. भाईंचं प्लास्टर निघालंय. डॉक्टरांनी हाताला व्यायाम सांगितलाय, तर हे दिवसभर जनेलापाशी बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उंदीर काढतात. सगळे मांजरासारखेच येतात. शैला हसत होती, मागून भाई ओरडत होते, आणि मग फोन त्यांनीच ओढून घेतला.

"बाय, पुढल्या वर्सा सोंड मी काडतलंय. उंदीर तुझो. पण माका एक सांग, कान तू खंयसून सुरू करतंस?"

मी पेन्सिल घेतली, समोर कागद ओढला आणि म्हटलं, "डोळ्याच्या मागून, भाई. मी काढते, तुम्हीही काढा."